माळव्यातील लहान रानमांजरांचा अभ्यास अभयारण्याबाहेर व्हायला हवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गहू-हरभऱ्याची कापणी सुरू झाली की इंदूर, देवास आणि धार या जिल्ह्यांतून ‘शेतात बिबट्याची पिल्ले सापडली’ अशी बातमी दरवर्षी येते आणि आपल्या दैनिकातही ती छायाचित्रासह छापली जाते. रालामंडल, चोरल, मानपूर या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. त्यामुळे शेतकऱ्याने घाबरणे स्वाभाविक आहे आणि वार्ताहराने त्याच्या सांगण्यावर विसंबणे हेही समजण्यासारखे आहे. मात्र अशा बातम्यांसोबतची छायाचित्रे मी बरीच वर्षे लक्षपूर्वक पाहत आलो आहे. त्यांतील पुष्कळशी पिल्ले बिबट्याची नसून रानमांजराची, म्हणजे ज्याला आपल्याकडे बाऊल म्हणतात त्याची, असतात आणि क्वचित एखाद्या छायाचित्रात वाघाटी या आणखी लहान रानटी मांजराचे पिल्लूही दिसते. आपल्या भागातील लहान रानटी मांजरांविषयी सामान्य वाचकाला मिळणाऱ्या नोंदी बहुतांशी एवढ्याच, आणि त्याही चुकीच्या नावाने छापलेल्या, ही स्थिती बदलावी असे मला वाटते. त्यासाठी या प्राण्यांचा पद्धतशीर अभ्यास अभयारण्यांच्या हद्दीबाहेर, शेतशिवारात, बिडांत म्हणजे गवताच्या कुरणांत आणि नाल्यांच्या काठी सुरू होणे आवश्यक आहे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ओळख पटवणे फारसे अवघड नाही. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर दाट काळे ठिपके असतात आणि त्याचे पंजे अंगाच्या मानाने थोराड असतात. रानमांजराचे पिल्लू पिवळसर, मातकट रंगाचे असते. त्याच्या अंगावरचे पुसट पट्टे वाढत्या वयात नाहीसे होतात आणि मोठेपणी फक्त पायांवर आणि शेपटीच्या टोकाकडील वलयांत त्यांची खूण उरते. लांब पाय, आखूड शेपूट आणि टोकावर काळ्या केसांचा लहानसा झुपका असलेले उभे कान ही मोठ्या रानमांजराची लक्षणे आहेत. वाघाटीचे पिल्लू तर तळहातावर मावते. पूर्ण वाढलेली वाघाटीही साधारण एक ते दीड किलो वजनाची, म्हणजे घरातल्या धष्टपुष्ट बोक्याच्या निम्म्यानेही नसते. राखाडी अंगावर ओळीने मांडलेले गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावरून मागे जाणाऱ्या गडद रेघा आणि चेहऱ्याच्या मानाने फार मोठे डोळे यांवरून ती ओळखता येते. जगातील सर्वांत लहान मांजरांत तिची गणना होते. ती भारत, नेपाळ आणि श्रीलंका या तीनच देशांत आढळते आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे.

पिल्ले सापडल्यानंतर जे घडते ते अधिक चिंताजनक आहे. आई भक्ष्याच्या शोधात गेलेली असते आणि पिल्ले पोरकी आहेत असे समजून कोणी तरी त्यांना उचलतो, बाटलीने गाईचे दूध पाजतो, गावभर त्यांची छायाचित्रे फिरतात आणि अखेर ती पिंजऱ्यात जातात किंवा मरतात. जुन्नर भागात ऊसतोडीच्या हंगामात सापडलेली पिल्ले त्याच संध्याकाळी, त्याच जागी, उघड्या खोक्यात ठेवून लांबून पाळत ठेवण्याची पद्धत वनखाते आणि बचाव पथके यांनी रुळवली आहे आणि अंधार पडल्यावर आई येऊन पिल्ले उचलून नेते, असा तिथला अनुभव आहे. माळव्यात ऊस फारसा नसला तरी गव्हाच्या उभ्या पिकात बाऊल व्यायलेली असू शकते, आणि आता कापणी हार्वेस्टरने होऊ लागल्यामुळे विळ्याने कापणाऱ्या माणसाला जे वेळीच दिसायचे ते यंत्रावर बसलेल्याला दिसत नाही.

या प्राण्यांविषयी आपल्याला इतके कमी का माहीत आहे, याची कारणे अभ्यासाच्या पद्धतीतही आहेत. भारतात लहान रानटी मांजरांच्या दहा जाती आहेत, पण निधी, मनुष्यबळ आणि कॅमेरे मुख्यतः वाघासाठी लावले जातात. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांत वाघाची ७६,६५१ आणि बिबट्याची ५१,७७७ होती. उरलेल्या प्रचंड साठ्यात लहान मांजरेही आहेत आणि त्यांची माहिती आता त्यातून काढली जाऊ लागली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरीही वाघासाठी मांडलेल्या कॅमेऱ्यांची मांडणी वाघाच्याच सवयींवर बेतलेली असते. वाघ ज्या रस्त्यांनी आणि वाटांनी चालतो त्यांच्या कडेला, त्याच्या अंगाच्या उंचीचा विचार करून आणि साधारण दोन चौरस किलोमीटरला एक जागा या प्रमाणात ते लावतात. नाल्याच्या कपारीतून, दगडांच्या आडून जाणारी दीड किलोची वाघाटी त्या चौकटीत आली तर तो योगायोग समजावा. शिवाय हे कॅमेरे सभोवतालच्या आणि प्राण्याच्या तापमानातील फरक ओळखून चालू होतात. एप्रिल-मेमध्ये निमाडच्या उतारावर जमीनच प्राण्याच्या अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा लहान शरीर त्यांच्या नजरेतून सहज निसटते.

पुढची अडचण मोजणीची आहे. वाघाचे पट्टे आणि वाघाटीचे ठिपके प्रत्येक प्राण्यात वेगळे असल्याने छायाचित्रांवरून प्राणी वेगवेगळे ओळखता येतात, पण बाऊलाचे अंग जवळजवळ एकरंगी असल्यामुळे दहा छायाचित्रांत एकच बाऊल आहे की दहा आहेत, हे सांगणे कठीण होते. अशा वेळी संख्या मोजण्याऐवजी तो कोणत्या भागात आहे आणि कोणत्या भागात नाही, एवढेच ठरवणारी पद्धत वापरावी लागते. विष्ठेवरूनही नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, कारण बाऊल, पाळीव मांजर आणि कोल्हा यांच्या विष्ठेत गल्लत होते. त्यासाठी डीएनए तपासणी लागते. गळ्यात रेडिओ पट्टा बांधायचा तर त्याचे वजन शरीराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये असा संकेत आहे, म्हणजे दीड किलोच्या वाघाटीसाठी तो पाऊणशे ग्रॅमच्या आत बसवावा लागतो. हे सर्व शक्य आहे, मात्र त्यासाठी अभ्यास याच प्राण्यांना समोर ठेवून आखलेला असला पाहिजे.

आता जागेविषयी. वाघाटी, लेपर्ड कॅट आणि मासेमार मांजर या तीन जवळच्या जातींच्या अधिवासाचा संपूर्ण भारतीय उपखंडाच्या पातळीवर अभ्यास करणारा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या जातींना अनुकूल असलेल्या क्षेत्रापैकी केवळ ६ ते ११ टक्के क्षेत्र संरक्षित जंगलांत येते. म्हणजे अभयारण्याच्या कुंपणाआत कितीही चांगले काम झाले तरी या प्राण्यांचे बहुतांश जग त्या कुंपणाबाहेर राहते. आपल्यापुरते बोलायचे तर होळकरांच्या शिकारगाहेमुळे वाचलेले आणि १९८९ मध्ये अभयारण्य झालेले रालामंडल अडीच चौरस किलोमीटरचेही नाही. (शिकारीच्या जुन्या नोंदींत वाघ-बिबट्यांच्या लांब्या इंचाइंचाने लिहिलेल्या आढळतात, बाऊल मोजावा असे कोणाला वाटले नाही.) खरा अधिवास चोरलच्या दऱ्या, जानापावचा उतार, मानपूरच्या घाटातील साग-सालई-धावड्याची रुक्ष जंगले, त्यांच्या पायथ्याची पळसाची रोपवने, गावांची बिडे आणि शेतांच्या मधून जाणारे झुडपी नाले असा सलग पसरलेला आहे. महसुली कागदावर यातील कित्येक जमिनी ‘पडीक’ या सदरात मोडतात. गवताळ जमिनीला मोल असते हे आपल्याच भागाने यापूर्वी मान्य केलेले आहे. खरमोर या कोंबडीएवढ्या पक्ष्यासाठी, डॉ. सलीम अली यांच्या पुढाकाराने, रतलाम जिल्ह्यातील सैलाना आणि धार जिल्ह्यातील सरदारपूर येथे १९८३ मध्ये अभयारण्ये झाली. त्याच गवतात बाऊलही राहतो, पण त्याची नोंद कोणी ठेवायची हे ठरलेले नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या प्राण्याचे काय महत्त्व आहे, हे सांगणारा एक आकडा मला विशेष बोलका वाटतो. सरिस्का व्याघ्र प्रकल्पात शोमिता मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानमांजर, कॅराकल (रानटी मांजराचीच एक जात) आणि कोल्हा यांच्या आहाराचा अभ्यास करून २००४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की एक रानमांजर दिवसाला सरासरी तीन ते पाच उंदीर खाते. वर्षाचा हिशेब केला तर हा आकडा हजारापासून अठराशेपर्यंत जातो. सोयाबीन आणि गहू पिकवणाऱ्या काळ्या मातीत बिळे करून दाण्यांचा साठा करणाऱ्या उंदरांनी किती नुकसान होते, हे माळव्यातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. असे असताना उंदरांसाठी विषारी आमिष टाकताना कोणते विष वापरले जाते, याकडे मात्र लक्ष दिले जात नाही. झिंक फॉस्फाइड खाल्लेला उंदीर लवकर मरतो आणि ते विष त्याच्या मांसात फारसे साठून राहत नाही. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे मात्र उंदराच्या यकृतात साठतात, उंदीर काही दिवस मंदावलेल्या अवस्थेत हिंडत राहतो आणि अशाच उंदराला मांजर सर्वांत आधी पकडते. माळव्यात याचा किती परिणाम होतो, हे तपासण्यासाठी मेलेल्या बाऊलांचे शवविच्छेदन आणि यकृताची तपासणी व्हायला हवी. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय असताना हे काम दूर कुठे पाठवावे लागू नये.

मेलेली मांजरे कुठे मिळतात, हे रस्त्याने जाणाऱ्यांना ठाऊक आहे. इंदूर-खंडवा महामार्गाचे रुंदीकरण आणि महू-सनावद रेल्वेमार्गाचे गेज परिवर्तन ही दोन्ही कामे विंध्याच्या याच उतारावर चालू आहेत. विकासाला विरोध करण्याचा माझा हेतू नाही; महाराष्ट्रातून खंडव्यामार्गे येणाऱ्या नातेवाइकांनी त्या घाटात काढलेले तास मीही ऐकून आहे. परंतु रस्त्याखालील मोऱ्यांचा, ज्यांना इकडे पुलिया म्हणतात त्यांचा, विचार आराखड्याच्या वेळीच व्हायला हवा. चोरलकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एखाद्या जुन्या पुलियाखाली पावसाळ्यानंतर उतरून पाहिले तर सुकत आलेल्या गाळावर ठसे उमटलेले दिसतात. कोल्ह्याच्या लांबट ठशापुढे नखांच्या टोचण्या असतात, तर मांजराचा ठसा गोल असून त्यापुढे नखांची खूण नसते आणि मागच्या गादीला तीन गोलसर भाग असतात. काही ठसे पाण्याच्या मधल्या धारेपासून दूर, भिंतीला अगदी चिकटून गेलेले असतात, कारण कोरडी कड तेवढीच असते. हे मांजर बाऊल होते की गावातले पाळीव, हे नुसत्या ठशावरून ठरत नाही. मात्र पुलियात बारमाही कोरडी राहणारी हातभर रुंदीची पायरी बांधली तर त्याला वर डांबरावर जावे लागणार नाही, एवढे समजण्यासाठी संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही. पेंच प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या महाराष्ट्रातील भागात प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले गेले आणि भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावून पाहिले तेव्हा रानमांजरासह १८ जातींचे वन्यप्राणी त्यांचा वापर करताना आढळले. तिथे उंच पूल वाघासाठी मागितले गेले होते; बाऊलाला लहानशी मोरीही पुरेल.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते नाही. आपले इंदूर स्वच्छतेसाठी देशभर नावाजले जाते आणि त्याचा अभिमान मलाही आहे. शहराची हद्द ओलांडून पातालपाणी, तिंछा किंवा चोरल धरणाकडे गेले की ढाब्यांच्या आणि रिसॉर्टच्या मागच्या बाजूला टाकलेले उरलेसुरले अन्न आणि त्यावर पोसलेली भटकी कुत्री दिसतात. ही कुत्री टोळीने जंगलात शिरतात, पिल्ले मारतात आणि डिस्टेंपरसारखे रोग पसरवतात; हा विषाणू गीरच्या सिंहांपर्यंत पोहोचल्याचे २०१८ मध्ये आपण वाचलेच आहे. गावांतल्या मोकाट मांजरांकडूनही रोगांची देवाणघेवाण होऊ शकते. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण शहराच्या वेशीवर थांबू नये, हे महानगरपालिकेला आणि ग्रामपंचायतींना सांगण्यासाठीही हातात स्थानिक माहिती असलेली बरी.

उशीर केला तर काय होते, याचे उदाहरण कॅराकल म्हणजे स्याहगोशाचे आहे. त्याच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, स्वातंत्र्यापूर्वी देशातील सुमारे ७.९ लाख चौरस किलोमीटरच्या व्याप्तीत आढळणारा हा प्राणी २००१ नंतर १६,७०९ चौरस किलोमीटरपुरता आणि राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेश या तीन राज्यांपुरता उरला होता. २०२१ मध्ये त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात झाला. नंतर जुलै २०२५ मध्ये मंदसौर-नीमच जिल्ह्यांतील गांधीसागर अभयारण्यात कॅमेऱ्यात एक कॅराकल टिपला गेला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये जिथे चित्ते आणले गेले होते त्याच अभयारण्यात. बातमी आनंदाची होती यात शंका नाही. तरी मधल्या काळात तो तिथे होता की नव्हता, याचे उत्तर देण्यासाठी सलग नोंदी हव्या होत्या. बाऊल आज सर्रास आढळतो आणि जागतिक यादीत त्याची स्थिती चिंताजनक मानलेली नाही. नोंदी सुरू करण्यासाठी हीच वेळ योग्य आहे, कारण पुढे घट झाली तर ती कशाच्या तुलनेत झाली हे सांगता येईल.

संरक्षित क्षेत्राबाहेर हे काम होऊ शकते, हे ओडिशातील चिलिका सरोवराने दाखवून दिले आहे. तेथील विकास प्राधिकरणाने मासेमार मांजरावर काम करणाऱ्या संशोधकांच्या आणि गावकऱ्यांच्या मदतीने कॅमेरे लावून २०२२ मध्ये १७६ मासेमार मांजरांचा अंदाज जाहीर केला. इंदूरला १८९१ पासून होळकर विज्ञान महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शिकाऊ हात भरपूर आहेत. चोरल-मानपूर पट्ट्यात वाघाटी आणि बाऊल यांच्या मापाची, म्हणजे अर्ध्या-एक चौरस किलोमीटरला एक अशी, कॅमेऱ्यांची जाळी टाकावी. त्यातील निम्मे कॅमेरे शेतांच्या बांधांवर, नाल्यांत आणि बिडांत असावेत आणि ते घोट्याच्या थोडे वर बांधावेत. कॅमेऱ्यांची राखण करण्याचे काम गावातीलच तरुणांना मोबदला देऊन सोपवावे, म्हणजे चोरीही होणार नाही आणि पिल्लू सापडल्यावर कोणाला कळवायचे हा प्रश्नही उरणार नाही.

यातील खरी अडचण पैशाची नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने नेमक्या याच विषयावर प्रबंध करायचे ठरवले होते. कॅमेरे उसने मिळाले होते, गावेही ठरली होती, पण एका कार्यालयातून परवानगी येईपर्यंत हंगाम उलटला आणि तिने अखेर फुलपाखरांवर प्रबंध पूर्ण केला. तो चांगला झाला, ही गोष्ट वेगळी. प्राण्याला न पकडता, हात न लावता, केवळ छायाचित्रे आणि विष्ठेचे नमुने घेऊन होणाऱ्या अभ्यासासाठी अर्जाची मुदत ठरवून दिली आणि त्या मुदतीत होकार किंवा नकार कळवला, तरी अनेक विद्यार्थी या विषयाकडे वळतील.

रब्बीची पेरणी आटोपल्यावर, नोव्हेंबरात कॅमेरे लागले तर थंडीचे महिने, पिल्लांचा काळ आणि मार्चमधील कापणी असा एक पूर्ण हंगाम हाती येतो आणि उन्हाचा तडाखा सुरू होण्यापूर्वी कॅमेरे काढताही येतात. त्यासाठी अर्ज पावसाळ्यापूर्वीच दाखल व्हायला हवेत. संबंधित महाविद्यालयांनी आणि वनाधिकाऱ्यांनी याच महिन्यात एकत्र बसून गावांची यादी निश्चित करावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक,
इंदूर